तोंडपाठ

आई परीक्षेत पास झाली हे ऐकून धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. तीसपैकी अठ्ठावीस. दवाखान्याच्या समन्वयक बाईंनी आकडा असा हसत हसत सांगितला, जणू शाळेचा निकाल लागलाय आणि आता सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. बाईंच्या शेजारी मास्तर बसले होते. कोटावर ‘समाजमित्र’ असा बिल्ला, गुडघ्यांवर हात आणि चेहऱ्यावर हळहळ. हळहळ कसली, तर दोन गुण गेल्याची.

“चित्र काढायला सांगतात त्या घड्याळाचा लहान काटा जरा लांब निघाला,” ते आपल्या भाषेत धाकटीला म्हणाले. “पुढच्या खेपेला नाही व्हायचं तसं.”

धाकटीनं आईकडे पाहिलं. आई खुर्चीत ताठ बसली होती, पाय जुळवून, हात मांडीवर. हीच आई सकाळी तिला विचारत होती, “बाई, तुम्ही कामाला आलात का? मालकीण कुठाय?” हिनंच चपला धुऊन फ्रीजमध्ये ठेवल्या होत्या आणि दूध कपड्यांच्या कपाटात. गॅस तसाच चालू ठेवून ती जिन्यात जाऊन बसायची आणि कधीच वारलेल्या नवऱ्याची वाट बघायची. पण समोर टेबल आलं, टेबलापलीकडे पेन धरलेला माणूस आला आणि बाजूला मास्तर दिसले, की कुठून कोण जाणे, तिच्या पाठीत कणा यायचा.

परीक्षा विस्मरणाच्या आजाराची होती. आजार आहे असं ठरलं की सेंटरमध्ये जागा मिळायची. सकाळी दारात मिनीबस, दिवसभर सांभाळायला शिकलेली माणसं, संध्याकाळी परत. म्हणजे नापास झालं तरच जागा. धाकटीला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी नापास व्हायला हवं होतं, आणि नेमकं तेवढंच तिच्या माणसांना जमत नव्हतं.

जागा तिला चैनीसाठी नको होती. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या एका लाँड्रीत ती इस्त्रीच्या मोठ्या मशीनवर होती. एकीनं ओली चादर आत सरकवायची, दुसरीनं पलीकडून गरम चादर ओढून घडी घालायची. एक बाई नसली की मशीन बंद. मुकादमानं स्पष्टच सांगितलं होतं, यापुढे एक जरी खाडा झाला तर नवी बाई घेतो. म्हणून धाकटी निघताना दाराला बाहेरून कुलूप लावत होती. गॅसची टाकी बंद, सुऱ्या कपाटात, कपाटाची किल्ली कमरेला, आणि आई आत. गेल्या आठवड्यात ती परतली तेव्हा आईच्या दोन्ही हातांच्या कडा सुजून काळ्यानिळ्या झाल्या होत्या. दिवसभर ती दार वाजवत होती. “कुणी उघडलंच नाही,” आई म्हणाली, आणि हात धाकटीपुढे धरले. त्या हातांना मलम लावताना धाकटीनं ठरवलं, काही झालं तरी ही जागा मिळवायचीच.

आता ही ‘आपुलकी’ योजना काय होती तेही सांगायला हवं, कारण एवढी मोठी गंमत रोज घडत नाही. पूर्वी ही परीक्षा इथल्या भाषेत व्हायची. बाहेरून आलेले म्हातारे डॉक्टरांपुढे भिंतीसारखे बसायचे, एक अक्षर कळायचं नाही, भोपळा मिळायचा आणि सेंटरमध्ये जागा मिळायची. एक आजोबा तर डोक्यानं असे तल्लख होते, की तिथे जाऊन सगळ्यांना पत्त्यांत हरवून यायचे. मग कुठेतरी परिषद भरली. गळ्यात ओळखपत्रांच्या दोऱ्या अडकवलेल्या शहाण्या माणसांनी तीन दिवस चहा पिऊन ठरवलं, की हा बाहेरून आलेल्या समाजांवर अन्याय आहे. परीक्षा त्यांच्या भाषेत घ्या, त्यांच्यातलाच माणूस मध्ये बसवा, भिंतींवर त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या म्हाताऱ्यांची हसरी चित्रं लावा. चित्रं लागली. बिल्ले छापले गेले. अन्याय असा काही दूर झाला, की त्या दिवसापासून त्यांच्या समाजातला एकही म्हातारा नापास झाला नाही.

कारण मध्ये बसवलेला माणूस म्हणजे मास्तर.

मास्तर कुठल्याच शाळेत मास्तर नव्हते. लढाईतून पळून आलेली ही सगळी माणसं छावणीत अडकून पडली होती, तेव्हा पुढच्या देशात जायचं की नाही हे एका टेबलावर ठरायचं. साहेब प्रश्न विचारायचा. उत्तर चुकलं की माघारी. तेव्हा मास्तरांनी छावणीभर फिरून साहेबाचे प्रश्न गोळा केले, त्यांची उत्तरं बसवली आणि लहानथोरांकडून तंबूतंबूत घोकून घेतली. अख्खी छावणी पास केली त्यांनी. तेव्हापासून ते मास्तर झाले. आणि माणसाला एकदा एक गोष्ट जमली, की तो जन्मभर तीच करत सुटतो, गरज असो वा नसो.

धाकटी दवाखान्याच्या दारातून निघाली तेव्हा समन्वयक बाई मास्तरांना घेऊन मागे धावत आल्या. त्यांना बातमी द्यायची होती.

“तुम्हाला माहितीय का, तुमच्या समाजात हा आजार जवळजवळ नाहीच! आकडे बघून आमचे वरिष्ठ थक्क झालेत. आता आम्ही अभ्यास करणार आहोत. तुम्ही लोक नेमकं खाता तरी काय?”

“भीती,” धाकटी आपल्या भाषेत पुटपुटली.

“काय म्हणाल्या?” बाईंनी मास्तरांना विचारलं.

“भरपूर भाजीपाला, म्हणते,” मास्तर म्हणाले. बाईंनी ते लिहूनसुद्धा घेतलं.

तेव्हा मात्र धाकटीचा तोल गेला. तिनं इथल्या भाषेत, त्या हसऱ्या चित्रांच्या साक्षीनं, बाहेर बसलेल्या सगळ्या लोकांना ऐकू जाईल असं सांगितलं, की ही म्हातारी सकाळी स्वतःचा चष्मा खायला निघाली होती, आणि मोठ्या डॉक्टरांनी पुन्हा तपासल्याशिवाय ती इथून हलणार नाही. समन्वयक बाईंना आरडाओरडा झालेला आवडत नसे. फोटोत तो वाईट दिसतो. त्यांनी फेरतपासणीचा दिवस दिला आणि हात झटकले.

रविवारी धाकटी आईला घेऊन समाजाच्या सभागृहात गेली. सभागृह म्हणजे टायरच्या दुकानावरची एक लांबट खोली. आत घडीच्या खुर्च्यांवर म्हातारे-म्हाताऱ्या ओळीनं बसलेल्या, आणि समोर मास्तर, हातात काठी.

“तीन शब्द कुठले?”

“चमचा, झाड, घोडा!” सगळे एका सुरात.

दवाखान्यात ते तीन शब्द सांगून थोड्या वेळानं पुन्हा विचारतात. दर वेळी तेच. योजना आखणाऱ्यांना प्रश्न बदलायचं सुचलं नव्हतं. इतक्या मोठ्या योजनेत इतकी बारकी गोष्ट कोण बघणार! धाकटीच्या शेजारी बसलेल्या एका आजोबांना तिनं सहज विचारलं, “आजोबा, चहा घेणार?” त्यांनी घाबऱ्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “चमचा, झाड, घोडा.” त्यांची सून दाराशी उभी होती. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, पायांत दोन वेगळ्या जोडांच्या चपला. सासरा पास झाल्याचं तीही अभिमानानं सांगत होती. धाकटीला तिची दया यायला हवी होती, पण तिला फक्त चीड आली. घरात माणूस बुडतोय आणि ही त्याच्या पोहण्याचं कौतुक सांगतेय.

वर्ग सुटल्यावर तिनं मास्तरांना गाठलं.

“मास्तर, माझ्या आईला पाठ करून घेणं बंद करा. तिला नापास होऊ दे.”

मास्तरांनी कानाला हात लावले. “असं बोलू नये, पोरी. नापास झालेल्यांचं काय होतं, विसरलीस?”

“काय होतं? सेंटरमध्ये जातात. पत्ते खेळतात. गरम जेवतात.”

“असं आपल्याला सांगतात.” मास्तर जवळ सरकले. “बस येते ना दाराशी? तेव्हाही बसच यायची. नावं वाचायचे आणि न्यायचे. मी आजवर एकाही माणसाला नापास होऊ दिलेलं नाही.”

“त्याला किती वर्षं झाली, मास्तर! आता इथे कोण कुणाला माघारी पाठवतंय? कुलूप लावून ठेवते मी तिला. मी! तिच्या पोटची पोर!”

“हळू,” मास्तर एकदम म्हणाले आणि दाराकडे पाहिलं. मग काठी टेकत ते खुर्च्या लावायला लागले. दोन खुर्च्या लावून झाल्यावर ते वळले आणि हसून म्हणाले, “अगं, तू कधी आलीस? आणि तुझे बाबा बरे आहेत ना? बऱ्याच दिवसांत दिसले नाहीत.”

धाकटीचे बाबा जाऊन जमाना लोटला होता. तिरडीला खांदा द्यायला मास्तरच पुढे होते.

ती जागच्या जागी उभी राहिली. म्हणजे ज्यानं दवाखान्यात विसरणाऱ्यांच्या वतीनं बोलायचं, तोच विसरत चालला होता. आणि कुणाच्या ध्यानात यायचं कारणच नव्हतं, कारण प्रश्न सगळे त्याला पाठ. योजनेनं आधी त्याचीही परीक्षा घेतली असेल, तर तीसपैकी तीस मिळाले असतील. तिला हसू आलं. चांगलं नव्हतं ते हसू.

त्या संध्याकाळी दादा आला. दादा हा तिचा थोरला भाऊ, सरकारी कचेरीत कारकून, आणि बोलण्याचा थाट मात्र असा की कचेरी याच्याच जिवावर उभी आहे. तो महिन्यातून एकदा फळं घेऊन यायचा, आईच्या डोक्यावरून हात फिरवायचा आणि चहा निवायच्या आत निघायचा. आईला त्याच्याकडे ठेवायचा विषय निघाला की त्याचं घर लहान व्हायचं. तीन खोल्यांचं घर होतं ते.

“आपल्या माणसांत असले आजार नसतात,” तो सफरचंद पुसत म्हणाला. “वय झालंय. वयानं विसरायला होतं. लोकांत उगाच वेडाचा बभ्रा करू नकोस.”

“मग तू राहा चार दिवस इथे.”

“मला रजा कुठे मिळते?” त्यानं सफरचंद परत पिशवीत ठेवलं. “आणि फेरतपासणी मागितलीस म्हणे. मोठा डॉक्टर जुन्या नोंदी काढतो. तुला कळतंय ना, काय उघडेल ते?”

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या या माणसाला खरी भीती एवढीच होती. पण भीतीला कारण होतं, हे कबूल करायला हवं. छावणीतून इथे यायचं तर नियम होता, नवरा, बायको आणि दोनच मुलं. दादा आणि मधली बहीण मिळून दोन झाली होती. मधली आता दूर देशी असते आणि फोनवर रडते. धाकटी तिसरी, म्हणजे जास्तीची. तोड मास्तरांनी काढली. आईचा भाऊ लढाईत गेला होता. त्याला मूलबाळ नव्हतं. मास्तरांनी त्याला मेल्यावर मुलगी दिली. पोरक्या पोरांना वेगळी परवानगी मिळायची, म्हणून धाकटी नोंदीत आईची भाची झाली. तंबूत दुपारच्या दुपार मास्तर तिच्याकडून म्हणून घ्यायचे. ही कोण? आत्या. आई कुठाय? देवाघरी. तुला कोण आहे? आत्याच.

मुलाखतीच्या दिवशी टेबलाखाली आईचा पाय तिच्या पावलावर होता. दाबला की गप्प राहायचं, असं ठरलं होतं. आईनं असा दाबला, की बोटं बधिर झाली. बाहेर आल्यावर आईनं तिच्या कानाला तोंड लावलं आणि म्हणाली, “शहाणं गं माझं बाळ.” तेव्हापासून दाराच्या आत आई आणि दाराबाहेर आत्या. शाळेत आत्या, दवाखान्यात आत्या. बाबा गेले तेव्हासुद्धा बाहेरची माणसं आली म्हणून ती पार मागच्या ओळीत उभी राहिली आणि एखाद्या लांबच्या नातेवाइकाएवढंच रडली. ते तिनं कुणालाच माफ केलं नव्हतं.

“कागदात खोटं आढळलं तर सगळ्यांचंच रद्द होईल,” दादा दारात बूट चढवत म्हणाला. “माझी नोकरी आहे. जरा विचार कर.”

“करते,” धाकटी म्हणाली. “उद्या सकाळी तिला कुलूप लावायचंय, तेव्हा करते.”

मोठ्या डॉक्टरांची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. डॉक्टर बिस्किट खात होते आणि दर बिस्किटाला घड्याळ बघत होते. एका बाजूला समन्वयक बाई, दुसऱ्या बाजूला मास्तर. बिल्ला त्यांनी आज पुसून चकचकीत केला होता. आईला खुर्चीत बसवताच तिची पाठ ताठ झाली. धाकटी तिच्या अगदी शेजारी बसली.

डॉक्टरांनी छापील प्रश्न काढले तसं धाकटीनं त्यांना थांबवलं. “ते नको, साहेब. ते सगळं आमच्या सभागृहात दर रविवारी गाऊन होतं. तुम्ही तिला एकच विचारा. मी कोण?”

तिनं विचार केला होता. मास्तरांच्या पाठात हा प्रश्न नव्हता. आणि घरी तर गेले कितीतरी महिने आई तिला मोलकरीण म्हणत होती, कधी शेजारीण, कधी तिकीट तपासणारी. घरातल्याच माणसाला न ओळखणारी म्हातारी म्हटल्यावर डॉक्टरांना आणखी काय हवं?

डॉक्टरांनी खांदे उडवले आणि धाकटीकडे बोट करून विचारलं. मास्तरांनी प्रश्न आपल्या भाषेत सांगितला. सांगताना त्यांचा आवाज जुना झाला, तंबूतल्यासारखा. “ही सोबत आलेली मुलगी कोण?”

आई क्षणभरही थांबली नाही.

“माझी भाची, साहेब. माझ्या भावाची मुलगी. भाऊ लढाईत गेला, वहिनी आजारात गेली. पोरीला माझ्याशिवाय कुणी नाही.”

एकेक शब्द जागच्या जागी. कुठे अडखळणं नाही, कुठे स्वर हलणं नाही. डॉक्टरांनी संगणकाच्या पडद्यावर पाहिलं. “बरोबर आहे. नोंदीतही भाचीच आहे.” आणि त्यांनी बरोबरची खूण केली.

आणि टेबलाखाली आईचा पाय धाकटीच्या पावलावर आला. आला, आणि दाबला गेला.

इतके महिने तिला वाटत होतं की आपण आईच्या डोक्यातून पुसलो गेलो. रोज संध्याकाळी कुलूप उघडून आत जायचं आणि परक्या बाईसारखं स्वतःची ओळख सांगायची, हे तिनं दात आवळून सोसलं होतं. आणि आई तर तिला गच्च धरून बसली होती. चपला, दूध, नवऱ्याचं मरण, सगळं सांडून गेलं तरी हे एक तिनं हातातून सोडलं नव्हतं. धाकटीला एवढा आनंद झाला की तिला तिथेच डोकं आईच्या मांडीवर ठेवावंसं वाटलं. त्या पायाचा शब्द मानून गप्प बसावं, उठावं, आईला घेऊन घरी जावं.

घरी. म्हणजे कुलपात. टेबलावर आईचे हात होते. कडांवरचा काळानिळा रंग आता पिवळा पडत होता.

“चुकलं,” धाकटी इथल्या भाषेत म्हणाली. “मी भाची नाही. मी तिची मुलगी आहे.”

इथल्या भाषेतले फार थोडे शब्द आईला येत होते, पण ‘मुलगी’ हा एक येत होता. तोच बोलायचा नाही असं तिला शिकवलेलं होतं. तिचा चेहरा पांढरा पडला. पाय इतक्या जोरात दाबला गेला, की धाकटी कळवळली. मग आई खुर्चीतून उठली आणि टेबलावर दोन्ही हात पसरून डॉक्टरांपुढे वाकली.

“खोटं बोलते, साहेब! लहान आहे. भूक लागली की काहीही बोलते. तिला माघारी पाठवू नका. मी चुकले असेन तर मला पाठवा. मास्तर, सांगा ना साहेबांना! मला पाठवा म्हणावं!”

मास्तर उठून उभे राहिले. “पोरगी पोरकी आहे, साहेब,” ते इथल्या भाषेत म्हणाले. “कागद बरोबर आहेत. या तंबूतले सगळे कागद मी पाहिलेत.” डॉक्टरांनी बिस्किट खाली ठेवलं आणि त्यांच्या बिल्ल्याकडे बराच वेळ पाहिलं. समन्वयक बाई उगाच खिडकीबाहेर बघायला लागल्या.

धाकटीनं आईला मिठीत घेऊन खाली बसवलं. तिच्या डोक्यावरून धाकटीनं डॉक्टरांना विचारलं, “नोंद खोटी होती. आता काय करणार आमचं?”

“कसली नोंद?” डॉक्टर टंकत होते. “हां, नात्याची? जुन्या नोंदींत असले घोळ हवे तेवढे असतात. हे बघा, केलं दुरुस्त.” एक कळ दाबली गेली आणि धाकटी मुलगी झाली.

एक कळ. एवढ्यासाठी तिनं बाबांना मागच्या ओळीतून निरोप दिला होता. एवढ्यासाठी दादा आयुष्यभर उंदरासारखा जगला, आणि मास्तरांनी समाजच्या समाज पोपट करून ठेवला. कुणालाच काही पडलेली नव्हती. बहुधा कधीच पडलेली नव्हती. त्या माणसानं दुसरं बिस्किट उचललं तेव्हा धाकटीला त्याच्याबद्दल राग वाटेना, इतका तो तिच्या हिशेबी क्षुद्र झाला होता.

“स्वतःच्या मुलीला ओळखत नाही,” डॉक्टर मोठ्यानं म्हणत टंकत गेले. “विनाकारण भीती. रडारड. हो, जागा देऊन टाकू.”

समन्वयक बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांच्या योजनेला पहिला रुग्ण मिळाला होता.

मिनीबस आली त्या सकाळी बाई स्वतः कॅमेरा घेऊन हजर होत्या. त्या खोलीतून परतल्यापासून आई नीट जेवली नव्हती. दारावर कुणी आलं की ती धाकटीला पलंगाच्या मागे ढकलायची आणि स्वतः पुढे उभी राहायची. आज तिला जिना उतरवायला अर्धी सकाळ गेली होती. मोकळं दार आणि मोकळी बस बघून ती पायरीशीच थबकली. तिनं धाकटीचं मनगट धरलं होतं, आणि बोटं रुतत होती.

बसमधली मदतनीस खाली उतरली. बरी होती पोरगी, कुणी शिकवल्याशिवाय हसणारी. तिनं धाकटीकडे बघून आईला हातवारे करत विचारलं, “या कोण? मुलगी?”

आईची बोटं आणखी रुतली. ती धाकटीकडे बघत होती, आणि त्या डोळ्यांत तंबूतली दुपार होती.

“नाही हो,” धाकटी आधी इथल्या आणि मग आपल्या भाषेत, स्पष्ट, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाली. “मी भाची. या माझ्या आत्या. मला यांच्याशिवाय कुणी नाही.”

“पण आता तर मुलगी अशी नोंद झालीय ना?” समन्वयक बाई कॅमेऱ्यामागून म्हणाल्या. धाकटीनं चपलेला लागलेल्या चिखलाकडे बघावं तसं त्यांच्याकडे पाहिलं. बाईंनी कॅमेरा खाली घेतला.

मनगटावरची बोटं सैल झाली. आईनं आधी मदतनीस पोरीकडे पाहिलं, मग ड्रायव्हरकडे, मग रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे. कुणी काही म्हणत नव्हतं. मग ती धाकटीच्या कानाशी वाकली.

“शहाणं गं माझं बाळ,” ती म्हणाली, आणि एकेक पायरी चढत आत जाऊन खिडकीजवळच्या जागेवर ताठ बसली.